सूप घेतलेला फोटो

जातेगावकर बाई फारशा कुठे फिरल्या नव्हत्या, पण त्यांचा फोटो नगर जिल्ह्यातले निम्मे तालुके हिंडून आला होता. नेवासे, पाथर्डी, श्रीगोंदे, कोपरगाव. जिथे लग्नाचा मुलगा आणि मुलाहून जास्त तोरा असलेले आईबाप होते, तिथे तो पत्रिकेसोबत पाकिटात बसून गेला, आठ-पंधरा दिवस राहिला आणि परत आला. तशी रीतच होती. मुलगी पसंत असली की बघायला यायचा निरोप येई. नसली की 'पत्रिका जुळत नाही' एवढ्याच मजकुराबरोबर फोटो येई. पत्रिकेला बिचारीला बोलता येत नाही, म्हणून सगळं तिच्यावर ढकलायचं.

तेव्हा बाई अजून बाई झाल्या नव्हत्या. खर्ड्याच्या शाळेतले हेडमास्तर विष्णुपंत जातेगावकर यांची थोरली मुलगी नीलांबरी, एवढीच त्यांची ओळख होती. फोटो नगरच्या एका स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि दोन राजहंस, शेजारी उंच स्टुलावर फुलदाणी, आणि ती फुलदाणी कुणीतरी पळवून नेईल अशा काळजीने तिच्यावर हात ठेवून उभी असलेली नीलांबरी. ती तशी कधीच उभी राहत नसे. पण लग्नाच्या फोटोत मुलीने स्वतःसारखं दिसायचं नसतं, असा सगळ्यांचा समज होता.

फोटो परत आला की घरात अर्धा दिवस कुणी मोठ्याने बोलत नसे. मग दुपारी, विष्णुपंत शाळेत गेल्यावर, मायलेकी ओसरीवर बसून तो तपासत. मागच्या बाजूला तेलाचा अंगठा उमटलेला असला की आई म्हणे, "मुलाच्या आईने तळण काढता काढता बघितलाय. कढई महत्त्वाची, मग तू." पाथर्डीला कुणा पोराने नीलांबरीला पेन्सिलीने मिशा काढून पाठवल्या होत्या. त्या खोडरबराने पुसल्या तरी उन्हात धरलं की दिसत. कोपरगावहून आला तेव्हा त्याला कापराचा वास येत होता. "देवापुढे ठेवून कौल लावला असणार," आई म्हणाली, "देवानेच नको म्हटलं, त्यांचा काय दोष?" आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. नकाराचं हसू करण्यात आई वस्ताद होती. हसून झालं की मात्र ती फोटो पदराने पुसून ट्रंकेत ठेवी आणि नंतर बराच वेळ नीलांबरीकडे बघायचं टाळी.

एक फोटो मात्र परत आला नाही. तो या स्टुडिओतला नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात नीलांबरीचा मामा कुणाचा तरी बॉक्स कॅमेरा मागून घेऊन खर्ड्याला आला होता. किल्ल्याचा दरवाजा, किल्ल्याचा बुरूज, पुन्हा किल्ल्याचा दरवाजा असं सगळं करून झाल्यावर रोल संपवायचा म्हणून त्याने परसदारी येऊन उरलेला एक फोटो काढला. नीलांबरी पायरीवर बसून तांदूळ पाखडत होती. पदर खोचलेला, केस कपाळावर आलेले, हातात सूप. मागे आई वाळवण घालत होती. भावाने डोळ्याला यंत्र लावलेलं पाहून ती कमरेत वाकल्या वाकल्याच हात उगारून म्हणाली, "अरे मेल्या, अशा अवतारात?" नीलांबरीला हसू फुटलं आणि तेवढ्यात मामाने खटका दाबला. फोटोत पुढे हसणारी मुलगी आली आणि मागे कडेला हात उगारलेली, अर्धं तोंड वळवलेली आई आली.

श्रावणाच्या सुमाराला संगमनेरचे एक गृहस्थ गावात कुणाकडे आले होते. ओळखीतल्या गणोरकरांचा मुलगा आहे, साखर कारखान्यात नोकरीला आहे, फोटो-पत्रिका द्या, मी उद्या परत जातोय, असं ते विष्णुपंतांना म्हणाले. स्टुडिओतला फोटो तेव्हा नेवाशात पाहुणचार घेत होता. विष्णुपंतांनी वाट न बघता पाकिटात सूप घेतलेला फोटो घातला आणि देऊन टाकला. आईला संध्याकाळी कळलं. "अहो, पाखडताना?" एवढंच ती म्हणाली आणि ओट्याशी जाऊन बसली.

उत्तर आलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. विष्णुपंतांनी दोन कार्डं टाकली, त्यांचंही नाही. होकार नाही, नकार नाही, फोटोही नाही. "साधा कळवायचा रिवाज पाळता येत नाही, असल्या घरात मुलगी न गेलेलीच बरी," असं म्हणून विष्णुपंतांनी तो विषय मिटवला. आईने तो कधीच मिटवला नाही. पुढे स्टुडिओतला फोटो आणखी काही गावं हिंडला, त्याचे कोपरे दुमडले, मग विष्णुपंत गेले, धाकट्या भावाचं शिक्षण आलं, नीलांबरी नगरच्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागली, माळीवाड्यात दोन खोल्या घेऊन मायलेकी राहू लागल्या, आणि लग्न राहून गेलं. कुणी राहू दिलं असं नव्हे, ते आपलं आपण राहिलं. पण स्थळांचा विषय निघाला की आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "तो सुपाचा फोटो गेला आणि तुझं नशीब पाखडून गेलं."

बाहत्तर सालच्या माघात आई गेली.

त्यानंतरचं वर्ष नीलांबरीने कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. शाळेत ती कडक बाई होती, मुली तिच्या चपलांचा आवाज ओळखत. घरी आली की त्याच चपला काढताना सुद्धा आवाज होऊ नये असं तिला वाटे, कारण आवाज झाला तरी आतून "आलीस का?" असं कुणी विचारणार नव्हतं. एका माणसाचा स्वयंपाक करायला शिकायला तिला सहा महिने लागले. वरण नेहमी जास्तच व्हायचं आणि संध्याकाळी तेच खावं लागायचं. बोलावंसं वाटलं तर बोलायला कुणी नव्हतं, आणि ज्यांच्याशी बोलता आलं असतं त्यांच्याशी बोलायची तिला सवय नव्हती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं पुण्याहून भावाने विचारलं, आईचा एखादा फोटो असेल तर मोठा करून बाबांच्या शेजारी लावू या का? फोटो नव्हता. आईने आयुष्यात कधी फोटो काढून घेतला नव्हता. "मला कशाला मेलीला," असं म्हणून ती बाजूला व्हायची. भावाच्या लग्नात सगळं घर फोटोला उभं राहिलं तेव्हा ही जिलबीचा पाक बघायला निघून गेली होती. नीलांबरीने ट्रंक उपसली. मिशा पुसलेला स्टुडिओतला फोटो सापडला, किल्ल्याचे दोन दरवाजे सापडले. आई कुठेच नव्हती. ती फक्त एका फोटोत होती, हात उगारून, आणि तो फोटो संगमनेरला, ज्यांनी साधं उत्तर दिलं नव्हतं त्यांच्या घरी होता. असला तर.

दोन दिवस तिने स्वतःशी भांडण केलं. चौतिशीच्या बिनलग्नाच्या बाईने नाकारणाऱ्यांच्या दारात जाऊन आपला फोटो परत मागायचा, यापेक्षा फजिती ती कोणती? पण आईचा चेहरा आठवायला बसलं की आता नुसता आवाज आठवू लागला होता, आणि त्याची तिला भीती वाटली. रविवारी सकाळी ती संगमनेरच्या एसटीत बसली.

राहुरी गेली, कोल्हार गेलं. दुष्काळाचं वर्ष. रस्त्याच्या कडेला बाया डोक्यावर फडकी घेऊन खडी फोडत होत्या. लोणीजवळ कालव्याच्या अंगाचा थोडा ऊस तेवढा हिरवा होता. नीलांबरी मनात वाक्यं जुळवत होती. मी जातेगावकरांकडची. एक फोटो आपल्याकडे राहिलाय. तो हवा होता. बस्स. मी कोण हे त्यांनी विचारलंच तर नात्यातली म्हणायचं. आणि काही टोचून बोलायचं का? याची तिने बरीच तयारी केली. पोरींना रागावण्यात हयात गेली होती, शब्दांची वाण नव्हती.

गणोरकरांचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. दार उघडंच होतं. आत एक सत्तरीच्या आसपासच्या बाई वाती वळत बसल्या होत्या. गल्लीत त्यांना म्हाळसाकाकू म्हणतात, एवढं नीलांबरीला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कळलं होतं.

"मी नगरहून आले. जातेगावकरांकडची. खर्ड्याच्या."

काकूंच्या हातातली वात तशीच राहिली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असावा. "खर्ड्याचे जातेगावकर," त्या म्हणाल्या. "आत ये. उन्हात उभी राहू नकोस."

त्यांनी पाणी दिलं. पाणी देताना दुष्काळात देतात तसं भांडंभर नाही, गडूभर दिलं, आणि मग काही विचारायच्या आत भिंतीकडे हात केला. एकटं राहणाऱ्या माणसाला घरात कुणी आलं की भिंतीवरचे फोटो दाखवावेसे वाटतात, तसंच. हे ह्यांचे वडील. हे हे, पगडी बदलून टोपी घ्यायला लागले तेव्हाचे. ही मुलगी, धुळ्याला असते, येते दोन वर्षांतून एकदा. हा सायकलवाला नृसिंह. या फोटोला चंदनी हार होता. मुलगा पंचविशीचा, शर्टाची एक बाही वर आणि एक खाली. "कारखान्यातून नुकताच आला होता," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, बाही तरी सारखी कर. तो म्हणाला, आई, फोटो माझा काढतायत, बाहीचा नाही."

मग त्या समोरच्या भिंतीकडे वळल्या. तिथे एकच चौकट होती, आणि तिला हार नव्हता. पायरीवर बसलेली, सूप धरून हसणारी मुलगी.

"आणि ही माझी सून," काकू म्हणाल्या. "झाली असती."

नीलांबरीने बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"नृसिंहकडे चार-पाच मुलींचे फोटो आले होते," काकू सांगत होत्या. हे त्यांनी पुष्कळांना सांगितलं असावं, कारण त्या कुठे अडखळत नव्हत्या. "सगळ्या फुलदाण्या धरून उभ्या. तो एकेक बघायचा आणि खाली ठेवायचा. हा हातात घेतला आणि हसायला लागला. म्हणाला, आई, हिला बघ, ही आपल्या घरातच बसल्यासारखी दिसते. आणि मागे सासूबाई बघ, आत्ताच हात उगारून आहेत. पसंत आहे म्हणाला. कळव म्हणाला. पितृपक्ष सुरू होता. असल्या दिवसांत होकार कसा कळवायचा? ह्यांनी म्हटलं, घटस्थापनेला कार्ड टाकू. तेवढ्यात त्याला ताप आला. विषमज्वर निघाला. घट बसले त्या दिवशी घरात सुतक होतं."

बाहेर कुणी तरी हातपंपाला लोंबकळत होतं, त्याचा कर्र कर्र आवाज येत होता.

"तुम्ही कळवलं नाहीत," नीलांबरी म्हणाली. तिचा आवाज शाळेतल्यासारखा निघाला.

"काय कळवणार? मुलाने होकार दिला आणि पंधरवड्यात गेला, असं कळवायचं? त्या पोरीला सगळ्यांनी पांढऱ्या पायाची म्हटलं असतं. तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं असतं का? ह्यांनी सांगितलं, या घरात या मुलीचं नाव कुणी काढायचं नाही. कार्डं आली तुमची. ती वाचून हे देवापुढे बसायचे."

"फोटो तरी परत पाठवायचा."

"फोटो परत केला म्हणजे नकार झाला," काकू म्हणाल्या. "माझ्या पोराने होकार दिला होता. तो गेल्यावर मी त्याच्या नावाने नकार कसा पाठवू? नाही पाठवला. त्याच्या कपड्यांत ठेवला. हे गेल्यावर चौकट करून घेतली. हाराच्या समोरासमोर नको म्हणून जरा बाजूला लावलाय बघ. ती पोर हयात आहे, जिथे असेल तिथे सुखी असायला हवी."

नीलांबरीला आठवली ती तिची आई, ओट्याशी पाठ करून बसलेली. पाखडताना पाठवला म्हणून उत्तर आलं नाही, हा सल घेऊन बाई मेली. आणि सगळ्या जिल्ह्यात होकार आला होता तो याच एका फोटोला. तिला रडू आलं नाही. राग आला, पण तो कुणावर धरायचा ते कळेना, आणि राग धरायला माणूस नसलं म्हणजे फार एकटं वाटतं.

"कुठे असते आता?" काकूंनी विचारलं. विचारताना त्यांनी नीलांबरीचा हात घट्ट धरला होता. "सुखात आहे ना? तिचं झालं ना सगळं नीट?"

खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. पण म्हातारी चौदा वर्षं ज्या भीतीत होती ती तिच्या बोटांत लागत होती. शिवाय नीलांबरीचा ताठाही काही कमी नव्हता. लग्न झालं नाही हे वाक्य तिने आजवर स्वतःच्या तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं, ते काम शेजारीपाजारी हौसेने करत.

"नाशिकला दिली," ती म्हणाली. "दोन मुलं आहेत. सगळं छान आहे." खोटं बोलायचा सराव नव्हता. मुलांची नावं विचारली असती तर पंचाईत झाली असती.

काकूंनी नावं विचारली नाहीत. त्यांनी देवाच्या दिशेने हात जोडले, दोन्ही डोळे पुसले आणि मग पदर खोचून स्टूल ओढलं. नीलांबरी काही म्हणेपर्यंत त्या वर चढल्या आणि सुपाचा फोटो खिळ्यावरून उतरवला.

"इतके दिवस माहीत नव्हतं म्हणून चाललं," त्या म्हणाल्या. "आता ती दुसऱ्याची बायको. तिचा फोटो माझ्या मुलाच्या घरात टांगणं बरं नव्हे. तू न्यायलाच आली आहेस ना? ने. तिला काही सांगू नकोस."

त्यांनी सुरीने चौकटीमागचे बारीक खिळे काढले, पुठ्ठा बाजूला केला. चौकटवाल्याने मुलगी मधोमध यावी म्हणून फोटोची एक बाजू पुठ्ठ्याखाली दडपली होती. पुठ्ठा निघाला आणि आई आली. कमरेत वाकलेली, हात उगारलेली, तोंड अर्धं वळवलेलं. उजेड न लागल्याने ती लेकीपेक्षा ठसठशीत राहिली होती. नीलांबरीने फोटो दोन्ही हातांनी घेतला. तिला तेव्हाच सगळं सांगून टाकता आलं असतं. पण सांगितलं असतं तर फोटो पुन्हा खिळ्यावर गेला असता, आणि तिला आई हवी होती.

परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती बसली. आई मिळाली होती, आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण राहुरीच्या पुढे आल्यावर तिच्या ध्यानात आलं की हाही फोटो अखेर परत आला. बाकीचे लोकांनी परत केले, हा तिने स्वतः जाऊन, खोटं बोलून आणला. एका घरात तिला कुणी सून म्हणत होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीकडे बोट करून तिच्याबद्दल बोलत होतं, आणि ते तिला एक दुपारभर माहीत होतं. मग तिने ते आपल्या हाताने मोडलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती चौकटी करणाऱ्या बन्सीच्या दुकानात गेली. बन्सीने फोटो काउंटरवर ठेवून निरखला.

"बाई, ही मागची वारली ना? हिला हार घालायचा?"

"हो. माझी आई."

"आन् ही पोरगी जिती हाय?"

"आहे."

"मंग आसं न्हाई जमायचं. जित्या मान्साच्या फोटूला हार पडू नये. पोरगी कापावी लागंल." त्याने पट्टी लावली, नीलांबरीकडे बघितलं, ती मानेने हो म्हणाली, आणि त्याने धारदार पातं एकदा वरून खाली ओढलं. आईची चौकट परवा तयार होईल म्हणाला. दुसरा तुकडा त्याने दोन बोटांत धरून पुढे केला. "हे न्हेता का? न्हाईतर हितं कचऱ्यात जायाचं."

नीलांबरीने तो घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

वर्षश्राद्ध झालं. भाऊ-भावजय आले. विष्णुपंतांच्या शेजारी आई लागली. भाऊ म्हणाला, "अगदी अशीच ओरडायची," आणि खूप हसला, मग खूप रडला. कुठे सापडला म्हणून त्याने विचारलं तेव्हा नीलांबरी म्हणाली, जुन्या सामानात. आई कुणावर हात उगारते आहे, तिच्या पुढे काय होतं, हे कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही तिथे उरलंच नव्हतं. संध्याकाळी सगळे पुण्याच्या गाडीने गेले, ती उष्टी भांडी घासत राहिली, आणि घासता घासता तिला वाटलं की त्या कापलेल्या अर्ध्या फोटोची गोष्ट सांगणारं माणूस जगात एकच आहे, आणि त्या माणसाची भिंत आपण रिकामी केली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा संगमनेरच्या बसमध्ये होती. या खेपेला तिने वाक्यं जुळवली नाहीत.

म्हाळसाकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी तिला ओळखलं आणि चेहरा उतरला. "काही झालं का नाशिकला?"

नीलांबरीने पर्स उघडून तुकडा काढला. "हा परत लावा."

"अगं, पण ती परक्याची—"

"ती कुणाची कोणी नाही," नीलांबरी म्हणाली. "मी खोटं सांगितलं. तिचं लग्न झालं नाही. माझं लग्न झालं नाही, काकू. मीच ती."

काकू उठल्या. त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ धरला, मग तिच्या जवळ येऊन तिचा चेहरा तसाच डोळ्यांजवळ घेतला. त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास होता. त्यांनी विचारलं, "आमच्यामुळे?"

"नाही. तुमच्यामुळे नाही."

"मग?"

"तसंच राहिलं."

काकू रडल्या नाहीत, आणि "अरेरे" म्हणाल्या नाहीत, याबद्दल नीलांबरी त्यांची जन्मभर ऋणी राहिली. त्यांनी आतून जुनी चौकट आणली. तुकडा तिला पुरत नव्हता, एका अंगाला रिकामी पट्टी राहत होती. तशीच लावली. या वेळी स्टुलावर नीलांबरी चढली.

ती उतरते आहे तोच दारात दूधवाली बायडाबाई आली. दुष्काळाने तिच्या म्हशीही आटल्या होत्या, सकाळचं दूध ती आता दुपारी आणून पोचवत होती. तिने घागरीतून माप काढलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "लावला व्हय फोटू माघारी? मला वाटलं फुटला. आन् या कोन पावण्या? सुनंची थोरली भन का?"

काकूंनी नीलांबरीकडे पाहिलं. तिचे कानाजवळचे पिकलेले केस, हातावरचं शाळेचं घड्याळ, मोकळा गळा.

"बहीण नव्हे," त्या म्हणाल्या. "हीच ती. यायला उशीर झाला."

बायडाबाईने एकदा फोटो बघितला, एकदा नीलांबरीला. जन्मभर दारोदार फिरलेली बाई होती ती, काय विचारू नये ते तिला कळत होतं. "मंग आज दूद वाडवून घेता का?" ती म्हणाली.

"घेते," काकू म्हणाल्या, आणि तांदळाचं ताट घेऊन पुन्हा खाली बसल्या. "चहा टाक गं," त्या नीलांबरीला म्हणाल्या. "बायडाबाईलाही टाक."

नीलांबरी दुधाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेली. फळीवर एका उंचीचे पितळी डबे ओळीने होते. पहिल्यात मीठ निघालं, दुसऱ्यात डाळं. चौदा वर्षं या घरात काढली असती तर साखर डोळे मिटून सापडली असती. तिने डोळे पुसले आणि तिसरा डबा उघडला.